यंत्राचें पाठांतर आणि कपाटांतील पुस्तक

आपल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. जवळजवळ दोनशें वर्षें या गांवाला पुस्तकांच्या कपाटाची ओळख आहे. त्यामुळें लायब्ररी हा शब्द येथें कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु याच शब्दाला संगणकाच्या जगांत एक निराळा अर्थ आला आहे. आपल्या घरांतील जीं मुलें पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांसाठीं, कधीं तर येथें घरीं बसूनच, संगणकाच्या आज्ञावली लिहितात, त्यांच्या तोंडीं तो दिवसांतून दहा वेळां येतो. आज त्या लायब्ररीविषयीं, आणि ती उघडून पाहण्याची सोय यंत्राला करून देणाऱ्या एका नव्या साधनाविषयीं, मी चार शब्द सांगणार आहें.

जावा ही आज्ञावली लिहिण्याची एक भाषा. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती घडविली आणि १९९५ सालीं ती जगापुढें आली. जावा बेटावरील कॉफीवरून तिचें नांव पडलें. बँका, विमा कंपन्या, मोठमोठ्या कचेऱ्या यांचा पुष्कळसा कारभार आजही या भाषेंत लिहिलेल्या आज्ञावलींवर चालतो.

आतां या भाषेंत लिहिणारा माणूस सर्वच कांहीं स्वतः लिहीत बसत नाहीं. तारखांचा हिशेब, नोंदी ठेवणें, दूरच्या यंत्राशीं बोलणें, हीं कामें दुसऱ्यांनीं पूर्वींच लिहून, तपासून, गठ्ठे बांधून ठेवलेलीं असतात. अशा गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. जावामध्यें तो जार नांवाच्या एका फायलींत बांधलेला असतो. आपली आज्ञावली अशा ज्या गठ्ठ्यांवर विसंबून राहते, त्यांना तिच्या डिपेंडन्सी म्हणतात. गंमत अशी कीं, गठ्ठाही स्वतः आणखी गठ्ठ्यांवर विसंबलेला असतो, आणि ते आणखी दुसऱ्यांवर. आपण पांच पुस्तकें मागवावीं आणि त्यांच्या संदर्भासाठीं पन्नास पुस्तकें दाराशीं यावीं, तसा हा प्रकार आहे.

हीं पुस्तकें आणून देण्याचें काम मेव्हनसारखीं साधनें करतात. परंतु समजा, एका गठ्ठ्याला तिसऱ्या गठ्ठ्याची जुनी आवृत्ति हवी आहे आणि दुसऱ्याला नवी. अशा वेळीं मेव्हन दोन्ही ठेवीत नाहीं. अवलंबनाच्या वंशावळींत जी मागणी मूळ आज्ञावलीला अधिक जवळची, तिची आवृत्ति तें ठेवतें. म्हणजे कागदावर काय मागितलें आणि कपाटांत काय आलें, या दोन गोष्टी एकच असतील असें नाहीं.

हा भेद किती महाग पडूं शकतो, हें २०२१ सालच्या डिसेंबरांत जगानें पाहिलें. लॉगफोरजे नांवाची एक लायब्ररी आहे. आज्ञावलीनें काय काय केलें याची रोजनिशी ठेवणें, एवढेंच तिचें साधें काम. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखालीं स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्यांत असा दोष आढळला कीं, रोजनिशींत लिहावयाच्या मजकुरांत कोणी विशिष्ट अक्षरें घातलीं, तर ती लायब्ररी परक्या यंत्राकडून आज्ञा आणून त्या पाळीत असे. चोरानें अभिप्रायवहींत एक ओळ लिहावी आणि तिजोरी उघडावी, असा हा मामला. दहापैकीं दहा गुण देऊन त्याची गंभीरता नोंदविण्यांत आली. आपल्या देशाच्या सर्ट-इन या संस्थेनेंही इशारा दिला. दुरुस्त आवृत्ति निघाली; ती अपुरी ठरल्यानें त्याच महिन्यांत आणखी आवृत्त्या काढाव्या लागल्या. परंतु खरी पंचाईत निराळीच होती. ‘ही लायब्ररी आमच्याकडे आहे काय, आणि असल्यास कोणत्या आवृत्तीची?’ या साध्या प्रश्नाचें उत्तर असंख्य कचेऱ्यांना चटकन् देतां येईना. कारण तिला कोणी नांव घेऊन बोलाविलें नव्हतें. ती दुसऱ्यांच्या सोबत आंत आलेली होती.

या पार्श्वभूमीवर आतां बुद्धिमान् यंत्रांकडे वळूं. अलीकडे आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाच्या शेजारीं एक कृत्रिम साहाय्यक बसलेला असतो. ‘अमुक काम करून दे’ म्हटलें, कीं तो क्षणांत पानभर मजकूर लिहून देतो. त्यानें जगांतील अफाट लिखाण वाचलेलें आहे. परंतु तें एका ठराविक दिवसापर्यंतचें, आणि उत्तर देतांना तो बहुधा आठवणीवरून देतो. एखाद्या घनपाठी गृहस्थानें शेकडों ग्रंथ मुखोद्गत केले असावेत, पण कोणत्या ग्रंथाची कोणती आवृत्ति आपल्यापुढें उघडी आहे हें न पाहतां त्यानें पान क्रमांक सांगावा, तसें हें होतें. जेथें आठवण अपुरी पडते, तेथें तो शोभेलसें नांव जुळवून टाकतो, आणि तें इतक्या ठाम सुरांत कीं ऐकणाराला शंकाही येऊं नये.

एक उदाहरण घेऊं. जावाचा एक मोठा संच ऑरॅकल कंपनीनें २०१७ सालीं एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचें ठरविलें. मात्र त्या संचांतील विभागांचें ‘जावाएक्स’ हें जुनें नांव पुढील कामासाठीं वापरण्याची मुभा मिळाली नाहीं. म्हणून २०२० सालीं निघालेल्या आवृत्तींत त्या विभागांना ‘जकार्ता’ हें नांव देण्यांत आलें. आतां कल्पना करा कीं, रत्नागिरींत राहून पुण्याच्या कचेरीचें काम करणारी एक तरुणी एका पतपेढीच्या आज्ञावलींत फेरफार करीत आहे. तिच्या संगणकावर नवी आवृत्ति आहे. साहाय्यकाच्या वाचनांत मात्र जुन्या नांवाचें लिखाण अनेक वर्षांचें. तो सहज जुनें नांव लिहून देतो. हा दोष निदान लगेच उघडकीस येतो, कारण आज्ञावली चालतच नाहीं. परंतु कचेरीनें स्वतःपुरत्या लिहिलेल्या खाजगी लायब्ररीचें काय? ती साहाय्यकानें जन्मांत पाहिलेली नसते. तेथें त्याचें प्रत्येक उत्तर तर्कानेंच दिलेलें असणार.

यावर शोधलेला उपाय अगदीं सरळ आहे. यंत्राला म्हणावयाचें, ‘बाबा, आठवूं नकोस, उठून कपाटाशीं जा आणि पाहून ये.’ अँथ्रॉपिक या कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाची संभाषणाची एक ठरीव पद्धति जाहीर केली. तिच्या योगानें असा साहाय्यक बाहेरच्या साधनांना प्रश्न विचारूं शकतो. जावाच्या लायब्ररी तपासणारें साधन हें अशाच साधनांपैकीं एक. साहाय्यकानें विचारावें, ‘या आज्ञावलींत कोणकोणते गठ्ठे आले आहेत?’ साधनानें आवृत्तींसह सारी वंशावळ पुढें ठेवावी. त्यानें विचारावें, ‘अमुक गठ्ठ्यांत अमुक नांवाची कृति आहे काय, आणि ती काय मागते?’ साधनानें जार उघडून पाहावें आणि उत्तर द्यावें.

हें शक्य होतें, कारण जार ही वस्तुतः एक झिप फाईल आहे, आणि तिच्यांतील प्रत्येक भागावर त्यांतील कृतींचीं नांवें, त्या काय घेतात आणि काय परत देतात, हें नोंदलेलें असतें. या प्रत्येक भागाच्या आरंभीं चार ठराविक बाइट असतात. ते षोडशमान पद्धतीनें लिहिले तर ‘कॅफे बेब’ अशीं अक्षरें उमटतात! कॉफीच्या नांवानें जन्मलेल्या भाषेची ही खूण. तो मजकूर माणसाला वाचतां यावा म्हणून जावाप नांवाचें उपकरण जावाच्या संचांत असतेंच. नवी गोष्ट एवढीच कीं, तें कपाट आतां साहाय्यकालाही उघडतां येतें.

मात्र या साधनाच्या मर्यादाही ध्यानीं घेतल्या पाहिजेत. कृति आहे कीं नाहीं, हें जार सांगतें. ती कां लिहिली आणि केव्हां वापरूं नये, हें सांगत नाहीं. लेखकानें मूळ मजकुरांत लिहिलेल्या टीपा त्या बांधलेल्या गठ्ठ्यांत उतरत नाहींत. त्यासाठीं मूळ लिखाण किंवा माहितीपत्रक जवळ लागतें. दुसरें असें कीं, साहाय्यक बहुधा दूरच्या कंपनीच्या यंत्रावर चालतो. त्याला कपाट दाखविणें म्हणजे कपाटांतील मजकूर घराबाहेर जाऊं देणें. खाजगी लायब्ररी दाखवावयाची तर कचेरीची परवानगी आधीं घ्यावी. आणि तिसरें म्हणजे, पुस्तक पाहून दिलेलें उत्तरही चुकीच्या प्रश्नाचें असूं शकतें. तें पारखण्याचें काम माणसाचेंच.

आपण म्हणाल, या साऱ्याशीं आमचा काय संबंध? श्रोतेहो, त्या तरुणीच्या आज्ञावलीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचें तरी निवृत्तिवेतन आहे, कोणाची तरी मुदतठेव आहे. तेथें चूक झाली तर ‘यंत्रानें ठामपणें सांगितलें होतें’ हा कांहीं खुलासा होत नाहीं. लहानपणीं धडा घडाघडा म्हणून दाखविला, तरी शंका येतांच ‘पुस्तक आण, पाहूं’ असें म्हणणारे गुरुजी आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असतील. यंत्र आपल्यापेक्षां पुष्कळ अधिक वाचतें, हें मान्य. म्हणूनच त्यालाही तीच शिस्त लावली पाहिजे. घरीं एखादा मुलगा वा मुलगी रात्रीं उशिरांपर्यंत पडद्यापुढें बसलेली दिसली, तर एकदां अवश्य विचारा: ‘त्या साहाय्यकानें हें पाहून सांगितलें, कीं आठवून?’