हादगा फक्त मुलींनीच का खेळायचा?

आष्ट्याच्या ज्येष्ठांसाठी कलेचं वेळापत्रक पंचांगानं आधीच आखलंय. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला फेराची गाणी, हस्त लागला की हादगा. ही कला नव्यानं हाती घेताना आडवं येतं ते जुनं काही. जुनं ध्येय, मग ते पेटी शिकणं असो की घरावर दुसरा मजला, सोडलं म्हणजे हरलो असं आपण धरून चालतो. पण कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात आवाक्याबाहेरचं ध्येय सोडू शकणारे आणि नवं हाती घेणारे, दोघेही अधिक समाधानी आढळले. म्हणून ‘सोडून द्या आता’ हा नुसता सल्ला अर्धाच (आणि देणारा बहुधा तरुण!). हाताला नवं काहीतरी हवं, आणि सणाची कला ते देते. मातीच्या बैलाचं शिंग वाकडं झालं तर ओलं बोट फिरवून पुन्हा वळता येतं, आणि सण सरला की कामही संपतं.

गुडघे दुखतात, फेर कसा धरणार? पाटावर हत्ती काढायला, बसून गायला, खिरापत ओळखायला गुडघे लागत नाहीत. जीन कोहेन यांच्या २००६ च्या अमेरिकी अभ्यासात समूहगान करणारे ज्येष्ठ कमी वेळा पडले, डॉक्टरांकडेही कमी गेले. ते गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय गाण्याला देता येत नाही. पण करून पाहायला एवढा आधार पुरे. आणि पुरुष? माती त्यांनी मळावी.