माळावरची गारगोटी

बारामती तालुक्यातील लोणी भापकरला जाऊन तेथील यज्ञवराहाची मूर्ती आणि कुंड पाहून आलेली मंडळी आज येथे असतील. पण त्या देवळाकडे जाताना पायांखाली काय येते, हे कितीजणांनी पाहिले असेल? या बाजूच्या माळावर पांढऱ्या, दुधी, क्वचित तांबूस गारगोट्या पडलेल्या असतात. कुळवाच्या फाशीला त्या आडव्या येतात म्हणून शेतकरी त्या वेचून बांधावर टाकतो. आपल्यापैकी ज्यांच्या बोटांत अकीकाची अंगठी आहे, त्यांचा खडा याच गारगोटीचा सख्खा भाऊ आहे, इतकेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. विहिरी खणणारे लोक अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याबरोबर सिलिका आली आणि कडेपासून आत एकेक पापुद्रा बसत गेला. पापुद्रे निरनिराळ्या रंगांचे असले की तो अकीक. सरसकट दुधी असला तर कॅल्सेडनी. लोखंडाच्या गंजाने रंगला तर तांबडा अकीक. मध्ये जागा उरली तर तेथे टोकदार स्फटिक वाढतात आणि कधी ते जांभळे असतात. जवाहिरे त्यालाच अमेथिस्ट म्हणतात. द्रव्य सर्वांचे एकच.

विहिरीतून निघालेला प्रत्येक चकाकणारा खडा मात्र गारगोटी नव्हे. गारगोटी काचेवर ओरखडा काढते आणि चाकूला दाद देत नाही. चाकूने सहज ओरखडला जाऊन आम्लाच्या थेंबाने फसफसला तर तो चुन्याच्या जातीचा. तिसरी जात झिओलाइटांची. ती गारगोटीपेक्षा मऊ असतात आणि तापविली की त्यांतील पाणी निघून जाते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हा सारा परिवार पाहावयास मिळतो.

या दगडाची किंमत आपल्या पूर्वजांना आपल्याहून अधिक कळत होती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते शेतकरी कॅल्सेडनीची लांब, सरळ पाती काढीत. तांबे दुर्मिळ, तेव्हा रोजची कापाकापी याच पात्यांवर चाले. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले गेले, की पैठणहून गाड्या भरभरून असले खडे भडोचला जातात. भडोचहून पैठण वीस दिवसांची वाट! तेथून ते रोमच्या बाजारात.

दंतकथांना तर तोटाच नाही. जांभळा स्फटिक जवळ असला की दारू चढत नाही, असे ग्रीक लोक मानीत. अमेथिस्ट या नावाचा अर्थच तो. मुसलमान समाजात येमेनी अकीकाची अंगठी शुभ मानतात. आम्ही लहानपणी पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घाशीत असू. पिवळसर उजेड पडे, चमत्कारिक वास येई, आणि आजी म्हणे, ‘घासू नका रे, घरात भांडणे होतात.’ भांडणे व्हायची, पण ती गारगोट्यांच्या वाटणीवरून! तो उजेड विस्तवाचा नव्हे. स्फटिक मोडताना होणाऱ्या विजेच्या सूक्ष्म विसर्गाचा तो आहे, आणि गारगोट्या पाण्यात घासल्या तरी तो दिसतो. चकमकीची ठिणगी निराळी. तेथे गारगोटी पोलादाचा कण खरवडते आणि जळतो तो पोलादाचा कण.

बाजारात मात्र जपून राहावे. अकीक सूक्ष्मरंध्री असल्याने तो रंग पितो. साखरेच्या पाकात मुरवून पुढे गंधकाम्लात टाकला की रंध्रांतली साखर कोळपून दगड काळाभोर होतो. भडक निळे आणि गुलाबी पट्टे बहुधा असेच रंगविलेले. आम्हीही एकदा अशा निळ्या खड्याला भुललो. तो अजून कपाटात आहे, दाखविण्यापुरता.

पण एका गोष्टीत हसण्यासारखे काही नाही. गुजरातेत खंबायतला अकीक घासून मणी करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चाकावर दगड कोरडा धरला की सिलिकेची बारीक धूळ उडते, श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे पाहून पुष्कळदा क्षयाचेच औषध चालू राहते. घासणे घरातच चालत असल्याने धूळ बायकामुलांनाही सोडीत नाही. चाकावर पाण्याची धार ठेवणे आणि धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा बसविणे, हे उपाय माहीत आहेत. पण मण्यामागे मजुरी मोजून घेणाऱ्याला तो पंखा कोण देणार? अंगठीचा भाव करताना आपण रंग विचारतो, पट्टे पाहतो. तो खडा पाण्याखाली घासला की कोरडा, हे आम्ही तरी आजवर कोणाला विचारताना ऐकले नाही.