दोन इंचांची गादी, ७४१ किलोमीटरची वाट

सत्तरच्या दशकात लांबच्या गाडीने दुसऱ्या वर्गातून जायचे म्हणजे रात्रभर लाकडी फळीवर अंग टाकायचे. वळकटी असेल त्याने ती पसरावी, नसेल त्याने चादरीची घडी पाठीखाली घ्यावी. पहाटे उठल्यावर कंबर धरलेली असायची. गादी होती ती पहिल्या वर्गात. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि प्राध्यापक मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा, असे त्यांनी ठरवले. आधी महत्त्वाच्या गाड्यांत आणि मग हळूहळू देशभर फळी मऊ झाली. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून घ्यायच्या नाहीत, दुसऱ्या वर्गाला वर आणायचे, ही त्यांची भूमिका होती. समाजवाद या शब्दाचा इतका हाताला लागणारा अर्थ भारतीय राजकारणात फार थोड्यांनी दाखवला.

दंडवते मूळचे नगरचे. जन्म २१ जानेवारी १९२४. मुंबईत डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. बेचाळीसच्या आंदोलनातून ते सार्वजनिक जीवनात आले आणि १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगीज शिपायांचा मार खाल्ला. जानेवारी १९७१ मध्ये बॅरिस्टर नाथ पै गेले. तीन वेळा त्यांना निवडून देणारा कोकणातला राजापूर मतदारसंघ पोरका झाला. दोनच महिन्यांनी निवडणूक होती आणि देशभर इंदिरा गांधींची लाट होती. प्रजा समाजवादी पक्षाला सबंध देशात दोन जागा मिळाल्या. त्यांतली एक राजापूरची, दंडवत्यांची होती.

पुढे १९७७, १९८० आणि १९८४ मध्ये, आणि १९८९ मध्येही राजापूरने दंडवत्यांनाच दिल्लीला पाठवले. यांतले १९८४ विशेष सांगण्याजोगे. इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला, मोठमोठे विरोधी नेते पडले, पण कोकणाने आपला प्रोफेसर सोडला नाही. घराघरातला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत, मनीऑर्डरीवर चाललेले संसार, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, असा तो मुलूख. तिथल्या मतदाराने ना जातीचा ना गावचा असा खासदार वीस वर्षे जपला, याचे श्रेय त्या मतदारालाही द्यायला हवे.

जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी दंडवते बंगळुरूला गेले होते. विषय होता पक्षांतरबंदीचे विधेयक. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्रही तिथेच होते. २६ जूनला आणीबाणी जाहीर झाली आणि चौघांचीही रवानगी बंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात झाली. त्यांनी उच्च न्यायालयात आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिले. प्रमिलाताई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. पती-पत्नींच्या मध्ये शेकडो मैल, आणि बोलणे उरले ते तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रांतून. त्या पत्रांतून संसार, वाचन आणि राजकारण चालू राहिले. १९८० मध्ये प्रमिलाताई मुंबई उत्तर मध्यमधून निवडून आल्या आणि हे जोडपे एकाच लोकसभेत बसले.

रेल्वेमंत्री म्हणून त्यांना सव्वादोन वर्षे मिळाली. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याच्या या वेगवान गाडीत वर्गभेद नव्हता, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. आरक्षणाच्या संगणकीकरणाचा विचारही याच काळात रुजला. आणि कोकणासाठी आपटा-रोहा मार्ग मंजूर झाला. १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत पोचले. त्यापुढे सह्याद्रीच्या सोंडा, खाड्या आणि पैशांचा प्रश्न.

कोकण रेल्वेचे स्वप्न अ. ब. वालावलकरांपासून नाथ पैंपर्यंत अनेकांनी पाहिले होते. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एक राजापूरचा खासदार, दुसरा मंगळूरचा सुपुत्र. त्या रुळांची दोन्ही टोके जणू एका टेबलाशी आली. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भरवशावर ही रेल्वे होणार नाही, हे दोघेही ओळखून होते. म्हणून स्वतंत्र महामंडळ काढायचे ठरले. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा, आणि उरलेला पैसा रोख्यांतून. जुलै १९९० मध्ये कंपनी स्थापन झाली. ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले आणि सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली.

अर्थमंत्रिपदाचे ते वर्षही पुरते मिळाले नाही; नोव्हेंबरमध्ये सरकार पडले. तेवढ्यात दहा हजारांपर्यंतच्या शेतकरी कर्जाला माफी मिळाली आणि सोनारांच्या कित्येक घरांची चूल विझवणारा सुवर्णनियंत्रण कायदा रद्द झाला.

१९९१ मध्ये राजापूरने दंडवत्यांना नाकारले. १९९६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडून हरले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सांभाळले. इकडे डोंगर फुटत होते, ९१ बोगदे खोदले जात होते. जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर असा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तेव्हा दंडवते कोकणचे खासदार नव्हते.

खासदाराचे मोल आपण हल्ली उद्घाटनाच्या पाटीवरच्या नावावरून करतो. दंडवत्यांच्या बाबतीत ते मोजमाप अपुरे पडते. त्यांनी सुरू केलेल्या कामांच्या फिती बहुतेक दुसऱ्यांनी कापल्या आणि त्यावरून त्यांनी कधी आकांडतांडव केले नाही. सभागृहात ते आकडे आणि कायद्याची कलमे घेऊन उभे राहत, विरोधकही ऐकत. मराठी माणसाने दिल्लीला पाठवलेल्या उत्तम संसदपटूंत त्यांची जागा पहिल्या रांगेत आहे.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.