आडात पाणी आहे का, ते आधी पाहा
घरच्या कॉम्प्युटरचे वायफाय बंद पडले तर दोष शोधावा कसा?

पीकविम्याचा अर्ज भरायला दोनच दिवस उरलेले असतात. सातबारा काढायचा असतो, मुलीच्या कॉलेजचा प्रवेशअर्ज पाठवायचा असतो, आणि नेमके त्याच संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवरचे इंटरनेट बंद पडते. मग घरात एकच धांदल उडते. एक जण राउटरच्या वायरी उपसून पुन्हा खुपसतो, दुसरा कॉम्प्युटरमधली सगळी बटणे दाबून पाहतो, तिसरा राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालतो. तासाभराने मूळचा दोष राहतो तसाच आणि वर आणखी दोन नवे उभे राहतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत.

वास्तविक आपल्या शेतकरी घराला दोष शोधण्याची विद्या काही नवी नाही. मोटर चालू केली आणि शेवटच्या वाफ्यात पाणी पोचले नाही, तर आपण लगेच नवी मोटर आणत नाही. विहिरीत पाणी आहे का, मोटर उचलते का, पाइप कोठे फुटला का, पाट कोठे फुटला का, असे एका टोकाकडून पाहत जातो. जेथपर्यंत पाणी आहे आणि जेथून पुढे नाही, त्या दोहोंच्या मध्ये दोष सापडतो. इंटरनेटचेही नेमके असेच आहे.

चार टप्पे ध्यानात ठेवा

आपल्या घरी इंटरनेट चार टप्प्यांनी येते. पहिला टप्पा कंपनीच्या लाइनचा. आता बहुतेक ठिकाणी ही लाइन फायबरची, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या तारेची असते आणि तिच्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. दुसरा टप्पा घरातल्या राउटरचा. तिसरा टप्पा राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या हवेचा. वायफाय म्हणतात ते एवढेच. चौथा टप्पा खुद्द कॉम्प्युटर.

पुष्कळांचा समज असा, की वायफाय म्हणजेच इंटरनेट. तसे नाही. वायफाय हा घरातला पाट आहे आणि इंटरनेट हे त्यातले पाणी. कंपनीची लाइन तुटली तरी कॉम्प्युटरवर वायफायची खूण दिसतच राहते. पाट धड आहे, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

पहिली परीक्षा मोबाइलची

सर्वांत आधी रिचार्जची मुदत पाहावी. हे सांगायला साधे वाटते. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे येथेच अधिक घडते. मुदत असूनही वेग एकदम मंदावला असेल, तर महिन्याची ठरावीक मर्यादा संपली का, तेही पाहावे.

मग घरातला एक मोबाइल घ्यावा. त्याचा मोबाइल डेटा बंद करावा, वायफाय चालू ठेवावे आणि राउटरजवळ उभे राहून एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. डेटा बंद करणे विसरू नये, नाही तर मोबाइल गुपचूप सिमकार्डावरून इंटरनेट घेतो आणि आपली दिशाभूल होते.

मोबाइलवर चालते, कॉम्प्युटरवर नाही : दोष हवेत किंवा कॉम्प्युटरमध्ये. दोन्हींवर चालत नाही : दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. राउटरजवळ चालते, मागच्या खोलीत चालत नाही : दोष हवेत. या एका परीक्षेने निम्मे काम होते, आणि ती आजोबांपासून आठवीतल्या नातीपर्यंत कोणालाही जमेल.

राउटरचे दिवे वाचा

राउटरचा एकही दिवा लागत नसेल तर बोर्ड आणि ॲडॅप्टर तपासावा. पुष्कळ राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण काही ५ किंवा ९ व्होल्टचेही असतात. पिन बसते म्हणून टीव्हीच्या डब्याचा ॲडॅप्टर लावू नये. दोन्हींवरचे आकडे जुळवून पाहावेत.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल दिसू लागला, की बाहेरून प्रकाश येत नाही असे समजावे. कोठे रस्ता खोदताना, कोठे ट्रॉलीत भरलेल्या उसाला अडकून, कोठे उंदराने कुरतडून तार तुटलेली असते. अशा वेळी कॉम्प्युटरशी झटापट करण्यात अर्थ नाही, तक्रारच नोंदवावी. तत्पूर्वी घरातल्या पिवळ्या किंवा पांढऱ्या बारीक तारेला कोठे घडी पडली आहे का, कपाटामागे ती चेपली आहे का, एवढे पाहावे. काचेची तार फार वाकवली की प्रकाश बाहेर निसटतो. मात्र तिचे टोक काढून डोळ्यासमोर कधीही धरू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. मुलांना हे अवश्य बजावावे.

दिवे ठीक असतील तर राउटर बंद करावा, मिनिटभर थांबावे, पुन्हा चालू करावा आणि दोन-तीन मिनिटे हात लावू नये. त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत साचलेला गोंधळ पुसला जातो आणि तो कंपनीशी नव्याने जोडणी करतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

पण पाठीमागच्या भोकातले ‘रीसेट’चे बटण ही निराळी गोष्ट आहे. त्याने कंपनीच्या माणसाने भरलेली नावनिशाणी आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात. मग जे काम मिनिटात झाले असते त्यासाठी माणूस येण्याची वाट पाहावी लागते. अर्जाची मुदत जवळ असताना तर त्या वाटेला जाऊच नये.

हवेतली आडकाठी

राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली दूरवर जाते, भिंतीतून बरी पार होते, पण वेगाने कमी. दुसरी वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. जुन्या कॉम्प्युटरना ही दुसरी दिसतही नाही. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ असे असले तर ते या लहरीचे चिन्ह आहे. मोबाइलच्या ‘५जी’शी त्याचा संबंध नाही. लांबच्या खोलीतला कॉम्प्युटर ५ वर जोडला असेल तर २.४ वर जोडून पाहावा.

आपल्या घरांची बांधणीही विचारात घ्यावी. दगड-मातीची दोन हात जाड भिंत, स्लॅबमधली सळई, पत्र्याचे छप्पर, धान्याची पत्र्याची कोठी, स्टीलचे कपाट, पाण्याने भरलेली टाकी ही सारी या लहरींची वाट अडवतात. राउटर मात्र आपण कोनाड्यात, टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर भिंतीला चिकटवून ठेवतो. तो घराच्या मधोमध, उघड्यावर, डोक्याइतक्या उंचीवर टांगावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्या आसपासच्याच लहरी वापरतो. त्याच्या शेजारी राउटर नको.

गावठाणात घराला घर लागून असेल तर शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांत मिसळतात. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. शेजारी १ वर असेल तर आपण ६ किंवा ११ घ्यावा. हा बदल राउटरच्या सेटिंगमध्ये होतो, जाणकाराकडून करून घ्यावा.

हवेचा दोष पक्का ठरवायचा असेल तर कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडावा. वायरीने चालते आणि वायफायने नाही, म्हणजे लाइन चांगली आहे. लांबच्या खोलीत किंवा गोठ्याशेजारच्या कचेरीत कॉम्प्युटर कायमचा ठेवायचा असेल तर केबल टाकणे हाच खात्रीचा उपाय. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

दोष कॉम्प्युटरमध्ये असेल तर

प्रथम ‘एअरप्लेन मोड’ चालू झाला आहे का, ते पाहावे. लॅपटॉपवर चुकून एखादी कळ दाबली जाऊनही वायफाय बंद होते. घरात कोणी पासवर्ड बदलला असेल तर कॉम्प्युटरमधले जुने नाव ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे.

मग तारीख आणि वेळ पाहावी. कॉम्प्युटर बरेच दिवस बंद राहिला आणि त्याच्यातला बटणसेल उतरलेला असला, की घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग बँकेची, सरकारची संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडत नाहीत, कारण त्यांच्या ओळखपत्रांना मुदत असते आणि ती मुदत कॉम्प्युटर आपल्या घड्याळावरून मोजतो. इंटरनेट शाबूत असते, चूक घड्याळाची असते. डेस्कटॉपमध्ये बहुधा ‘सीआर २०३२’ हा सेल असतो आणि तो बदलता येतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर ‘पिंग’ नावाची हाक मारून पाहावी. १९८३ साली माइक मूस या अमेरिकन तंत्रज्ञाने ती तयार केली, आणि आजही तिच्याइतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. विंडोजमध्ये ‘सीएमडी’ उघडून, इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, ‘आयपीकॉन्फिग’ लिहावे. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो तो राउटरचा पत्ता, पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असा असतो. वायफायच्या मथळ्याखाली आपला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. दोघेही बंद करून पुन्हा चालू करावेत.

पुढे ‘पिंग’ लिहून, जागा सोडून, राउटरचा पत्ता द्यावा. उत्तर आले तर हवेचा टप्पा ठीक. मग ‘पिंग ८.८.८.८’ असे लिहावे. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. येथूनही उत्तर आले तर लाइन ठीक आहे. तरीही संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष नावावरून पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेत, घड्याळात किंवा त्या संकेतस्थळातच आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर गर्दी लोटते, तेव्हा आपल्या राउटरला दोष देऊन उपयोग नाही. पहाटे प्रयत्न करावा.

तक्रार करताना सावध

कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या अधिकृत ॲपवरूनच घ्यावा. मोबाइलवर शोधून मिळालेला नंबर भामट्याचा असू शकतो. इंटरनेट दुरुस्त करतो असे सांगून कोणी स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावले, ओटीपी मागितला किंवा थोडे पैसे पाठवायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडवण्याची शक्यता अधिक.

तक्रार नोंदवताना ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. ‘एलओएसचा दिवा लाल आहे’ किंवा ‘वायरीनेही चालत नाही, राउटरपर्यंत पिंग होते, पुढे नाही’ असे नेमके सांगावे. म्हणजे येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत टिपावा. दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय केली आहे.

आणखी दोन गोष्टी. वळवाचा पाऊस कडाडू लागला की राउटरचा आणि कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवावा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण बोर्डातून आणि तांब्याच्या केबलमधून येते. आणि भारनियमनाच्या भागात राउटरसाठी छोटा यूपीएस ठेवावा. मात्र गावातल्या कंपनीच्या यंत्राचीच वीज गेली असेल, तर आपला यूपीएसही उपयोगाचा नाही.

आजच सवड काढून ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन नंबर आणि रिचार्जची तारीख एका कागदावर लिहून राउटरशेजारच्या भिंतीवर चिकटवा. सारे सुरळीत असताना राउटरचे दिवे कोणत्या रंगाचे असतात, तेही त्याच कागदावर लिहा.