इंडी : एका ‘सुरक्षित’ जागेचा हिशेब

आपण ज्याला ‘बालेकिल्ला’ म्हणतो त्याला ऑस्ट्रेलियात ‘सेफ सीट’ म्हणतात. दोन शब्दांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. किल्ला कुणीतरी राखावा लागतो. तिथे मात्र सुरक्षितता हा निव्वळ आकडा आहे. शेवटी उरलेल्या दोन उमेदवारांत विजेत्याला ५६ टक्क्यांहून कमी मते मिळाली तर जागा काठावरची, ५६ ते ६० म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित, त्यापुढे सुरक्षित. पण सुरक्षित कोण? उमेदवार की मतदार? या प्रश्नाच्या मागे लागून मी व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या इंडी मतदारसंघापाशी पोहोचलो. मी तिथे कधी गेलेलो नाही. पण तिथला निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे जाहीर करतो आणि घरबसल्या अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला याहून मोठी मेजवानी नाही.

मरे नदीच्या उगमाकडच्या प्रवाहाला इंडी म्हणतात, तेच नाव मतदारसंघाला मिळाले. वोडोंगा आणि वँगारॅटा ही मोठी गावे. बाकी बेनाला, बीचवर्थ, गुरांची कुरणे, द्राक्षमळे आणि डोंगर. नेड केली हा दरोडेखोर १८८० साली पकडला गेला ते ग्लेनरोवन याच टापूतले. १९०१च्या पहिल्या संघीय निवडणुकीत इथून आयझॅक आयझॅक्स निवडून आले. पोलंडमधून आलेल्या ज्यू शिंप्याचा हा मुलगा याच भागात वाढला आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा सरन्यायाधीश व त्या देशात जन्मलेला पहिला गव्हर्नर जनरल झाला.

सुरुवातीची वर्षे पाहिली तर ही जागा सुरक्षित म्हणावी असे काहीच दिसत नाही. मजूर पक्षाने ती १९१० साली जिंकली, १९१३ साली गमावली, १९१४ साली परत घेतली आणि १९१७ साली पुन्हा घालवली. म्हणजे सुरक्षितता काही तिथल्या मातीत नव्हती. त्यातला सर्वांत गमतीचा प्रसंग १९२८चा. कंट्री पक्षाचे खासदार रॉबर्ट कुक यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत दाखलच झाला नाही आणि मजूर पक्षाचे पॉल जोन्स बिनविरोध निवडून आले! बिनविरोध निवडणुकीमागे काय काय असते हे आपल्याकडच्या ग्रामपंचायती पाहिलेल्यांना सांगायला नको. इथे कारण फक्त विसराळूपणाचे होते. पुढल्या वर्षी जोन्स मते घेऊनही जिंकले. १९३१ साली ते हरले आणि तिथून इंडी ८२ वर्षे उजव्या पक्षांकडे राहिला. कधी लिबरल, कधी कंट्री. त्यातली बारा वर्षे जॉन मॅकएवन इथले खासदार होते. होल्ट समुद्रात बेपत्ता झाल्यावर काही आठवडे पंतप्रधान झालेले तेच हे.

पुढचे समजण्यासाठी तिथली मतदानाची रीत थोडी सविस्तर सांगतो. खासदार निवडताना मतदार शिक्का मारत नाही, प्रत्येक उमेदवारापुढे १, २, ३ असा क्रम लिहितो. एकही चौकोन रिकामा ठेवून चालत नाही. कुणालाच निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. हे बहुमत होईपर्यंत चालते. आपल्या पदवीधर मतदारसंघात जांभळ्या शाईने आकडे लिहिणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, फक्त आपल्याकडे एकच पसंती लिहिली तरी मत बाद होत नाही. अनेक दशकांचा नागपूर पदवीधर भाजपने २०२० साली गमावला तो याच रीतीच्या मतदानात.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत आली ती उजव्यांच्या सोयीसाठी. १९१८च्या ऑक्टोबरात स्वॉन इथल्या पोटनिवडणुकीत उजवी मते दोन उमेदवारांत फुटली आणि सुमारे एक तृतीयांश मतांवर मजूर पक्षाचा २२ वर्षांचा एडविन कॉरबॉय निवडून आला. शेतकऱ्यांच्या संघटना स्वतंत्रपणे लढणार आणि मते फुटणार, हे दिसल्यावर सरकारने त्याच वर्षी कायदा बदलला. ग्रामीण जागा सुरक्षित ठेवण्याचे हे हत्यार. ते ९५ वर्षांनी कुणावर चालले, ते पुढे पाहू.

२०१० साली लिबरल पक्षाच्या सोफी मिराबेला यांनी इंडीत सुमारे ५९ टक्के मते मिळवली. विरोधात मजूर पक्ष असला की इथे निकाल ठरलेला. आणि निकाल ठरलेला असला की त्या जागेवर पैसा आणि लक्ष दोन्ही कुणी खर्च करत नाही. एक पक्ष गृहीत धरतो, दुसरा सोडून देतो. २०१२ साली वँगारॅटात थोडेसे लोक याच तक्रारीवरून एकत्र आले. ‘व्हॉइसेस फॉर इंडी’ असे नाव घेतले आणि लोकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बैठका सुरू केल्या. आधी प्रश्न, मग उमेदवार, असा त्यांचा क्रम होता. मोबाइलची रेंज, रेल्वे, तरुणांचे गाव सोडून जाणे असे विषय निघाले. उमेदवार ठरल्या कॅथी मॅकगोवन, शेती करणाऱ्या आणि पूर्वी इथल्याच एका लिबरल खासदाराच्या कार्यालयात काम केलेल्या. हे शेवटचे मला कळीचे वाटते. लिबरल मतदाराला त्या परक्या वाटल्या नाहीत.

२०१३चा निकाल पाहा. पहिल्या पसंतीत मिराबेला जवळपास ४५ टक्के, मॅकगोवन ३१. आपल्या पद्धतीत विषय तिथेच संपला असता. पण मजूर पक्षाच्या जेमतेम बारा टक्क्यांसकट बाकीच्यांच्या पुढच्या पसंती वाटल्या गेल्या आणि मॅकगोवन ४३९ मतांनी जिंकल्या. देशभर उजव्या आघाडीची लाट होती, सरकार त्यांचेच आले, आणि त्या आघाडीचा पडलेला हा एकमेव विद्यमान खासदार. उजव्यांच्या सोयीसाठी आणलेली रीत उजव्यांवरच उलटली.

२०१६च्या प्रचारात मिराबेला टीव्हीवरच्या चर्चेत म्हणाल्या, की वँगारॅटाच्या रुग्णालयासाठी एक कोटी डॉलरचे आश्वासन त्यांच्याकडे होते, मॅकगोवन निवडून आल्याने ते गावाला मिळाले नाही. माझ्या मते सुरक्षित जागेचा खरा अर्थ या एका विधानात उघडा पडला : मत आधी, दवाखाना नंतर. त्या वेळी त्या आणखी मोठ्या फरकाने हरल्या.

२०१९ साली मॅकगोवन थांबल्या आणि परिचारिका व सुईण म्हणून काम केलेल्या हेलन हेन्स निवडून आल्या. संघीय जागेवर एका अपक्षानंतर दुसरा अपक्ष येण्याची ही पहिलीच वेळ. भ्रष्टाचारविरोधी आयोगासाठी त्यांनी संसदेत विधेयक मांडले. असा आयोग पुढे सरकारी कायद्याने २०२३ साली सुरू झाला. २०२२ साली मेलबर्न-सिडनीच्या श्रीमंत उपनगरांत जे अपक्ष निवडून आले, त्यांनी धडा घेतला तो या गुराख्यांच्या मुलखाचा. २०२५ सालीही हेन्स यांनी जागा राखली.

२०२२ साली हेन्स यांना शेवटच्या मोजणीत मिळाली सुमारे ५९ टक्के मते. मिराबेलांच्या २०१०च्या आकड्याएवढीच! म्हणजे तक्त्यात इंडी पुन्हा ‘बऱ्यापैकी सुरक्षित’ झाला. पण हा आकडा आतून पोकळ असू शकतो. आयोग केवळ लिबरल आघाडी विरुद्ध मजूर अशी एक वेगळी मोजणीही करतो आणि २०२२च्या त्या मोजणीतही इंडी आघाडीकडेच झुकला होता. हेन्स यांचे कित्येक मतदार मनाने लिबरलच आहेत. मजूर पक्षाचे मतदार पहिल्या पसंतीतच अपक्षाकडे आले, त्यामुळे त्या पक्षाकडून मिळायचे तेवढे मिळून गेले आहे. लिबरल आणि नॅशनल दोघेही उभे राहिले तर त्यांची मते परस्परांकडे परततात खरी, पण सगळी नाही. अपक्षासाठी तीच गळती मोलाची आहे. खरी कसोटी हेन्स कधीतरी थांबतील तेव्हाची : टेबलाभोवतीच्या त्या बैठका तिसरा उमेदवार देतात का. वोडोंगा आणि नदीपलीकडचे ऑल्बरी यांच्या सामाईक रुग्णालयाचा प्रश्न अजून धगधगता आहे, तेव्हा बैठकांना विषयाची वाण नाही.