सौरऊर्जेचे अनुदान : किती आणि केव्हा?

१९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला होता. आज तीच वीज सूर्यापासून मिळते. परंतु संच महाग असल्याने शासनाला अनुदान द्यावे लागते. हे अनुदान किती, याइतकेच ते केव्हा मिळते हेही महत्त्वाचे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरील १ किलोवॅटच्या संचास ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, तर ३ किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये केंद्राकडून मिळतात. मात्र ही रक्कम संच बसून तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते. तोवर पैसे आपण उभे करावयाचे, नाहीतर कर्ज काढावयाचे. हातावर पोट असलेले कुटुंब नेमके येथेच अडते.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेची रचना निराळी आहे. तेथे शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्केच हिस्सा भरावयाचा. उरलेला भार शासन उचलते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. भोर-वेल्ह्यातील लहान खातेदाराला हे झेपण्यासारखे आहे. पण विहीर, बोअर किंवा नदीचे पाणी हवे, सातबारा हवा आणि त्यावर अनेक नावे असल्यास इतर हिस्सेदारांची ना-हरकतही हवी. भूमिहीन मात्र बाहेरच राहतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत गावी गेल्यावर घरचा सातबारा अवश्य पाहा. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या. अर्ज त्यानंतर.