बॅटरी बदलताना

मुलांनो, साताऱ्याहून सांगलीला जाताना कराड, पेठ नाका, आष्टा अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला बॅटरीची दुकाने दिसतात. जुन्या अँबॅसिडरची बॅटरी बदलणे सोपे होते. दोन तारा सोडल्या, नवी बॅटरी ठेवली, तारा जोडल्या की काम झाले.

आजच्या मोटारीत मात्र लहान संगणक असतात. गाडी उभी असतानाही ते थोडी वीज घेतात आणि घड्याळाची वेळ, रेडिओची केंद्रे अशा गोष्टी ध्यानात ठेवतात. वीज तुटली की यांतले बरेच पुसले जाते. काही रेडिओ तर गुप्त अंक दिल्याशिवाय पुन्हा बोलतच नाहीत!

म्हणून जाणता मिस्त्री, ज्याला गॅरेजमधली पोरे उस्ताद म्हणतात, आधी चावी काढतो आणि १२ व्होल्टची दुसरी बॅटरी जोडतो. तिचे धन टोक गाडीच्या धन तारेला, ऋण टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. मग जुनी बॅटरी काढली तरी संगणक उपाशी राहत नाहीत.

पण धोका इथेच आहे. बॅटरी निघाली तरी धन तारेत वीज असतेच. ती पत्र्याला टेकली की ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. ऋण तार आधी सोडावी, हा नेहमीचा नियम इथे पुरत नाही. कारण दुसऱ्या बॅटरीचे ऋण टोक गाडीला जोडलेलेच असते. म्हणून धन तारेच्या टोकाला जाड रबर गुंडाळतात.

सवय नसेल त्याने हा खटाटोप करू नये. रेडिओचा अंक कागदावर लिहून घ्यावा आणि सरळ वीज तोडावी. घड्याळ नंतर लावता येते.